कागदावरचे ३० तास

प्रिय ताई,
मी ३१ वर्षांचा आहे. एका छोट्या विमान कंपनीत एटीआरवर, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर, को-पायलट आहे. बेस मुंबई, घर नाशिकला इंदिरानगरमध्ये. बायको इथे बँकेत, मुलगी अडीच वर्षांची, आई-बाबा सोबत. अंधेरीत चौघा पायलटांनी मिळून फ्लॅट घेतलाय, पण जरा सवड दिसली की मी गाडी काढून घरी येतो. महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, येतं आणि दुसऱ्या दिवसापासून बदलायला लागतं. मागच्या आठवड्यात रात्री सव्वादहाला शेवटचं लँडिंग झालं. गाडी चालवत पावणेतीनला घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फोन आला : उद्या पहाटे ५.१० रिपोर्टिंग. रात्री साडेबाराला पुन्हा निघालो. टोल वाचवायला जुन्या रस्त्याने गेलो आणि कसारा घाट उतरताना डोळा लागला. ट्रकच्या हॉर्नने जाग आली. एअरपोर्टला पोचून पार्किंगमध्येच तासभर पडलो आणि मग पाच सेक्टर, म्हणजे लागोपाठ पाच उड्डाणं, उडालो. घाटातलं घरी कुणाला सांगितलेलं नाही. बाबा नाशिक रोडच्या प्रेसमधून, सरकारी छापखान्यातून, रिटायर झालेत. ते म्हणतात, आम्ही तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, कुरकुर नाही केली. बायको म्हणते, तू घरी असून नसल्यासारखा असतोस. नोकरी सोडू का? की सुट्टीच्या दिवशी कंपनीचा फोन उचलणंच बंद करू? नाशिकमध्ये राहून करता येईल असं काही आहे का?
— एक को-पायलट

तू 'ताई' म्हटलंयस, म्हणून मीही अरे-तुरेवर येते. आणि तुझे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवून आधी जे तू विचारलंच नाहीस त्याबद्दल बोलते. कसाऱ्याचं बायकोला सांग. आज सांग, मुलगी झोपल्यावर. तुमच्या दोघांत सध्या भांडण चाललंय ते 'तू वेळ देत नाहीस' या विषयावर, आणि त्याला उत्तर म्हणून तू घाटातून गाडी पळवतोयस. तिला खरा हिशेब माहीतच नाही. माहीत असता तर त्या रात्री साडेबाराला तिने चावी लपवून ठेवली असती.

आता मी कोण, ते सांगते. मी २२ वर्षं एका विमान कंपनीच्या क्रू शेड्युलिंगमध्ये, वैमानिकांना ड्यूट्या लावणाऱ्या खात्यात, काढली. म्हणजे तुला दुपारी चारला जो फोन आला, तो करणारी बाई मी. खिडकी नसलेली खोली, समोर चार स्क्रीन, टेबलावर कायम गार झालेला चहा. स्क्रीनवर प्रत्येक वैमानिकाच्या नावापुढे एक आडवी पट्टी. पट्टी हिरवी असली की माणूस मोकळा, लाल असली की हात लावायचा नाही. रात्री दोनला एखादा कॅप्टन कळवतो की ताप आहे. पहाटेचं विमान उभं. कॉम्प्युटर सांगतो की नियमात बसणारी सहा नावं आहेत. त्यातल्या दोघांचे फोन बंद असायचे. एक जण उचलायचा आणि शांतपणे 'नाही जमणार मॅडम' म्हणायचा. एक जण इतके प्रश्न विचारायचा की त्यापेक्षा विमान उशिरा सोडलेलं परवडलं. उरले दोन. त्यातला एक तुझ्यासारखा, पहिल्या रिंगला उचलणारा. मग मी यादी वरून वाचायची सोडून सरळ त्यालाच लावायला लागले. कुणी तुझ्यावर डूख धरलेला नाही रे. तू सोपा आहेस, एवढंच.

तसाच एक मुलगा होता आमच्याकडे. कधी नाही म्हणाला नाही. एकदा पहाटे सव्वातीनला त्याला लेओव्हरच्या, म्हणजे परगावच्या मुक्कामाच्या, हॉटेलात उठवलं. 'हो मॅडम' म्हणाला, रिपोर्टिंगची वेळ लिहून घेतली, आणि मग म्हणाला, 'मॅडम, एक विचारू? मी आत्ता कुठल्या गावात आहे?' मी त्याला परत झोपायला सांगितलं. विमान पावणेदोन तास उशिरा गेलं, दुसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात त्याचा प्रश्न मी लिहिला नाही. लिहायला हवा होता, असं आता वाटतं.

आता तुझा हिशेब मांडू. सव्वादहाला लँडिंग, कागदपत्रं उरकून अकराच्या आत ड्यूटी संपली. पुढचं रिपोर्टिंग परवा पहाटे ५.१०. म्हणजे कंपनीच्या कागदावर ३० तासांची विश्रांती. नियम मागतो किमान १२ तास, किंवा आधीची ड्यूटी जितकी लांब होती तितके, यातलं जे जास्त ते. तुला ३० मिळाले. कुणाकडेही गेलास तरी शेड्युलर छाती काढून हा आकडा दाखवेल, आणि तो खोटं बोलत नसेल.

पण पावणेतीनला तू दारात. हातपाय धुऊन अंथरुणावर पडेपर्यंत सव्वातीन. सकाळी सात-सव्वासातला अडीच वर्षांची मुलगी बाबा आला म्हणून छातीवर चढलीच असणार. झाले चार तास. दुपारी जेवून तासभर डुलकी. चारला फोन. मग जेवण, बॅग, गणवेशाला इस्त्री, दहा ते बारा पलंगावर पडून छताकडे बघणं. तुझी आई आतून म्हणत असेल, 'झोप रे थोडा.' झोप अशी सांगून येत नाही. लवकर निजायचं ठरवून पडलं की हमखास येत नाही, हे प्रत्येक शिफ्टवाल्याला ठाऊक आहे. तर ३० तासांत झोप पाच तास, तीही दोन तुकड्यांत. पार्किंगमधली डुलकी सोडली तर दुपारी साडेतीनपासून तू जागा आहेस. पाचवा सेक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आसपास संपला असं धरलं, तर साडेबावीस तास झाले.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपण वाइनच्या गावात राहतो. उड्डाणाआधीचे १२ तास थेंबही चालत नाही म्हणून तू पाहुण्यांसमोर ग्लास उलटा ठेवत असशील. खोकला झाला तर द्राक्षासवाच्या बाटलीला हात लावत नसशील, माउथवॉशचं लेबल वाचूनच घेत असशील. ड्यूटीला गेल्यावर मशीनमध्ये फुंकायचं असतं. साडेबावीस तासांचं जागरण त्या मशीनला कळत नाही. तिथे फुंकणारा तूच आणि मशीनही तूच.

आणि ती पार्किंगमधली डुलकी. तासाभराच्या गाढ झोपेतून उठून कुणी लगेच पूर्ण जागा होत नाही, डोक्यात गुंगी राहते. २२ मे २०१० ला मंगळुरूमध्ये दुबईहून आलेलं विमान धावपट्टी सोडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. उड्डाणाचा बराच वेळ कॅप्टन झोपलेला होता आणि उठल्यावरची गुंगी त्याच्या निर्णयांत उतरली, असं चौकशीत आलं. तू हे शिकलेला असशील, परीक्षेत लिहिलंही असशील. मी फक्त पार्किंगची आठवण करून देतेय.

छोट्या कंपन्यांत हे जास्त का होतं, तेही सांगते, कारण तू मनातून समजत असशील की तुझंच नशीब फुटकं. मोठ्या कंपनीत शंभर विमानांमागे राखीव क्रू असतो. तुमच्याकडे विमानं बोटांवर मोजण्याइतकी आणि वैमानिक त्याच मापाने. एका एटीआरचं सकाळी टायर बदलावं लागलं की दिवसभराची साखळी तुटते, कारण तेच विमान पाच-सहा सेक्टर करणार असतं आणि प्रत्येक ठिकाणी थांबायला वीस-पंचवीस मिनिटं. त्यात काही विमानतळ सूर्यास्तानंतर बंद, काहींना हिवाळ्यात धुकं. सरकारच्या 'उडान' या स्वस्त विमानप्रवास योजनेच्या मार्गांवर तर तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं. एवढ्या भाड्यात जास्तीचा क्रू पोसायला मालक तयार नसतो. मग सगळी तूट भरून निघते ती पहिल्या रिंगला फोन उचलणाऱ्याकडून. आणि सेक्टर लहान म्हणून काम हलकं, हा बाहेरच्यांचा गैरसमज. लांब पल्ल्याचा वैमानिक दिवसाला एकदा उतरवतो, तू पाच वेळा. जेट ज्या ढगांच्या वरून जातं, तुझं एटीआर त्या ढगांतून जातं. येत्या सिंहस्थाला ओझरला, नाशिकच्या विमानतळावर, विमानांची गर्दी होईल तेव्हा हे सगळं आणखी घट्ट आवळणार, ते आत्ताच धरून चाल.

नियम मात्र तुझ्या बाजूने सुधारलेत. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने, ड्यूटीच्या वेळांचे नवे नियम काढले. कंपन्यांनी ते लांबवत नेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि मग १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते आले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली आणि त्या ४८ तासांत दोन रात्री आल्याच पाहिजेत. नियमातली रात्र पूर्वी पहाटे पाचला संपायची, आता सहाला संपते. रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली, ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की वैमानिक झोपतात.

यातलं तुझ्या कामाचं एकच वाक्य आहे : ४८ तास आणि दोन रात्री. त्यावर तुझं घर उभं करायचं. दोन रात्री घरी मिळणार असतील तरच नाशिकला यायचं. एक रात्र असेल तर अंधेरी. मला माहीत आहे हे वाचून तुला काय वाटेल. चौघांच्या फ्लॅटमध्ये पंखा बघत पडायचं आणि १७० किलोमीटरवर मुलगी. पण त्या एका रात्रीसाठी येऊन तू तिला देतोस काय? झोपाळलेला, चिडका, चार वाजता फोन आल्यावर चेहरा पडलेला बाप. बायको 'असून नसल्यासारखा' म्हणते ते तेच असावं.

आणि ड्यूटी संपल्यावर स्टेअरिंग हातात घ्यायचं नाही. शेवटचं लँडिंग रात्रीचं असेल तर ती रात्र अंधेरीत झोप, सकाळी ट्रेनने ये. परत जाताना रिपोर्टिंगच्या आदल्या दुपारी नीघ आणि रात्र पुन्हा मुंबईत काढ. हिशेबात तुझे घरचे आठ-दहा तास कमी होतील. होऊ देत. समृद्धीने गेलं की घाट टळतो, असं तू म्हणशील. इगतपुरी ते आमणे तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला, रस्ता झक्कास आहे. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर झोप जास्त लागते. घाटात निदान वळणं जागं ठेवतात, आणि तरी तुला लागली. टोलचे पैसे वाचवायचे म्हणून तू त्या रात्री कसाऱ्याने गेलास, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला होता.

अंधेरीतल्या खोलीत पैसे घाल. मी गंमत करत नाही. जाड काळे पडदे, खोलीचा दिवा आणि पार्टनरचा मोबाईल याविषयी ठरलेला नियम, शक्य असेल तर दोघांत एक अशी वेगळी खोली. बारा हजारांची बॅग घेणारे पायलट पंधराशेचा पडदा घेत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

हे मी एवढ्या ताणून सांगतेय, कारण एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. १२ फेब्रुवारी २००९, अमेरिका. नेवार्कहून बफेलोला जाणारं छोटं टर्बोप्रॉप, तुझ्या एटीआरसारखंच पंख्यांचं विमान, एका घरावर कोसळलं, ५० माणसं गेली. को-पायलट मुलगी सिअॅटलजवळ राहायची, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. पगार तुटपुंजा, बेसच्या गावात खोली नव्हती. आदल्या रात्री मालवाहू विमानांत बसून, वाटेत विमान बदलून ती ड्यूटीला आली आणि क्रू रूमच्या सोफ्यावर पडली. कॅप्टननेही त्याआधीची एक रात्र तिथेच काढलेली. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्याला दिलेली उलटी प्रतिक्रिया, असं चौकशीत ठरलं. थकव्याचा वाटा किती, ते मोजून सांगता आलं नाही. पण त्यानंतर तिथले विश्रांतीचे नियम बदलले, २०१४ पासून ते लागू झाले. त्या मुलीच्या कागदावरही विश्रांतीचे तास पुरे होते.

आता फोन. उचलणं बंद करू नकोस. गायब होणाऱ्याबद्दल खोलीत एक मत बनतं आणि ते पुसत नाही. स्टँडबायला, म्हणजे बोलावतील तेव्हा यायच्या तयारीत, असशील तर उचलावाच लागेल, ती ड्यूटीच आहे. सुट्टीवर किंवा विश्रांतीत असशील आणि जाग असेल तर उचल, आणि एकच वाक्य म्हण : 'मी विश्रांतीवर आहे, मला ही ड्यूटी घेता येणार नाही.' पुढे कारण नको. मुलीचा ताप, सासऱ्यांचं ऑपरेशन, नळ फुटलाय, काही नको. कारण दिलं की शेड्युलर कारणाशी वाटाघाटी करतो. मी करायचे. 'एकच सेक्टर आहे रे, दुपारी मोकळा.' 'तू नाही आलास तर सत्तर माणसं अडकतील.' 'आज कर, दिवाळीला तुला सोडते.' ही तिन्ही वाक्यं मी शेकडो वेळा वापरलीत. दिवाळीला किती जणांना सोडलं, ते विचारू नकोस. वाक्य एकदा म्हणून गप्प बसायचं. पलीकडचा माणूस चार सेकंदांत पुढच्या नावाकडे जातो, कारण त्याला विमान सोडायचंय, तुझ्याशी बोलत बसायचं नाहीये. तीन-चार महिन्यांत तुझं नाव यादीत आपोआप खाली सरकेल.

विश्रांतीत झोपलेला असशील तर फोन सायलेंट. घरच्यांसाठी वेगळा नंबर घे, तो चालू ठेव.

बदललेली प्रत्येक ड्यूटी मेसेजवर मागून घे, तोंडी नको. आणि एक शंभर पानी वही कर : रिपोर्टिंग किती वाजता, ड्यूटी किती वाजता संपली, किती झोपलास. दुसऱ्या विमानात प्रवासी म्हणून बसवून कुठे पाठवलं, तर तोही वेळ ड्यूटीतच धरतात. ते तास लिहायला विसरू नकोस, कॉम्प्युटरला ते कधीकधी दिसत नाहीत. असं मी म्हणते तेव्हा समजून घे.

खरोखर उडण्याच्या लायक नसशील त्या दिवशी फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा लेखी अहवाल, दे. आजारी आहे म्हणून कळवू नकोस. आजारी म्हटलं की कारण तुझ्या पोटात जातं आणि रोस्टर निर्दोष सुटतं. 'फार थकलोय' असं लिहू नकोस, आकडे लिही : गेल्या २४ तासांत झोप इतकी, ४८ तासांत इतकी, इतके तास जागा, ड्यूटी इतक्या वाजता बदलून आली. कंपन्यांना आता असे रिपोर्ट आणि त्यावर काय केलं ते दर तीन महिन्यांनी डीजीसीएला द्यावं लागतं, आणि रिपोर्ट देणाऱ्याला शिक्षा नाही असं नियम म्हणतो. छोट्या ऑफिसात गुपित किती राहतं, ते तूही जाणतोस आणि मीही. चहाच्या मशीनपाशी कुणीतरी 'काय, झोप झाली का?' म्हणून टोमणा मारेलच. मारू दे.

मात्र हा रिपोर्ट देण्याआधी कसारा बंद व्हायला हवा, नाहीतर ते पहिलाच प्रश्न विचारतील, 'विश्रांतीच्या वेळेत तुम्ही होता कुठे?' आणि त्यांचं बरोबर असेल. दिलेली विश्रांती झोपेसाठी वापरायची जबाबदारी नियम वैमानिकावरच टाकतो.

बाबांचं म्हणशील, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. प्रेसच्या पाळ्या मी ऐकून आहे, माझे काका तिथेच होते. पाळी आठवड्याची, कुठली ते आधी ठाऊक. ड्यूटी सुटली की सायकलवर घर, खिडकीला चादर, आणि घरात कुणी भांडं आपटलं तर आजी ओरडायची. सगळी गल्ली त्यांच्या झोपेचा मान ठेवायची. तुझ्या पाळीला आठवडा नाही, वार नाही, आणि झोपेला राखण नाही. बाबांना हेच सांग, आणि तक्रार म्हणून न सांगता काम म्हणून सांग. तू घरी असशील त्या सकाळी साडेसहाला मुलीला उचलून बागेत न्यायचं, नऊपर्यंत परत आणायचं नाही. तीस वर्षं ज्याने दिवसा झोप काढलीय, त्याच्याइतका चांगला राखणदार तुला मिळणार नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोस्टर उतरवायचं कामही त्यांनाच दे. पेन्सिलीने. पेनाने लिहिलेलं खोडताना घरातल्या सगळ्यांचा मूड जातो.

नोकरी सोडण्याचं थोडक्यात. आज राजीनामा दिलास तरी को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे, कॅप्टन झालास की वर्षाची. टाइप रेटिंगचा, म्हणजे एटीआर उडवायच्या प्रशिक्षणाचा, बाँड शिल्लक असेल तर ते पैसे वेगळे. म्हणजे रागाच्या भरात सोडलीस तरी अर्धं वर्ष हेच रोस्टर ओढायचंय. नाशिकला बेस होईल या आशेवर बसू नकोस. ओझरला विमानं येतात, वळतात आणि जातात, वैमानिक मुक्कामाला ठेवावेत इतकी ती आज नाहीत. ज्या एअरफिल्डच्या पलीकडे सुखोई लढाऊ विमानं जोडली गेली, तिथून तुला घरी जेवायला जाता येऊ नये, हा विनोदच आहे, पण आहे. शिरपूरला, बारामतीला, गोंदियाला उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत. प्रशिक्षक म्हणून जायचं तर शिरपूर त्यातल्या त्यात जवळ. पगार कमी, झोप जास्त, आणि एअरलाइनला परत येताना थोडी अडचण. तुझे उड्डाणाचे किती तास झालेत, कमांड, म्हणजे कॅप्टन होणं, किती लांब आहे, ते तू लिहिलं नाहीस. कमांड वर्षभरात असेल तर मी थांबेन. तीन वर्षं असेल तर बायकोबरोबर बसून दुसरा हिशेब कर : तिला ठाणे किंवा कल्याणच्या शाखेत बदली मिळते का. बँकेत आहे, अर्ज करायला काय हरकत? आई-बाबांना नाशिक सोडवणार नाही, आणि त्यांनी सोडूही नये, पण कल्याण नाशिकपासून ट्रेनने तीन तासांच्या आत आहे. हा पर्याय तुझ्या पत्रात कुठेच नाही. मला शंका आहे की तुम्ही दोघांनी तो बोलूनही पाहिलेला नाही, कारण बोलायला बसायचं तर दोघं एकाच वेळी जागे असावे लागतात.

तर आधी घाटाचं सांगणं. मग पुढच्या रोस्टरमध्ये दोन रात्रींचा पहिला ब्लॉक कुठे पडतो ते बघून कालनिर्णयवर गोल कर. त्या दिवशी गाडी अंधेरीतच उभी राहू दे. सकाळी शिर्डीची वंदे भारत दादरला पकड आणि नाशिक रोडला उतर. मुलीला घेऊन बाबांना स्टेशनवर यायला सांग. प्रेस तिथून जवळच आहे, रस्ता त्यांना पाठ असेल.